त्रिज्या ऐंशी मीटर

बावधनला चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
सकाळपासून मी एक गाव वसवते आहे.
विहीर झाली, रहाट झाला,
पाच घरं ओळीत, सहावं मुद्दाम तिरकं;
सगळी सरळ मांडली की गाव खोटं वाटतं.
पारावर एक म्हातारा, त्याच्या वाट्याला दोन वाक्यं:
'पुढं रान आहे.' 'पाणी पिऊन जा.'

सारंगचा नियम साधा:
दर चाळीस सेकंदांनी काहीतरी घडलं पाहिजे.
नुसतं चालावं लागलं की खेळणारा फोन उचलतो,
आणि फोन उचलला की गेलाच.
म्हणून रानातसुद्धा दर दोनशे पावलांवर
एखादी पेटी, एखादा लांडगा, मोडकी बैलगाडी.
म्हटलं, अरे, हे रान कुठलं, हा तर लक्ष्मी रोड झाला.
तो हसला.
पेट्या तशाच राहिल्या.

खिडकीतून टेकडी दिसते.
तिचा एक कान पोकलेननं कापून नेलाय.

गावाभोवती एक वर्तुळ असतं, खेळणाऱ्याला न दिसणारं.
त्रिज्या ऐंशी मीटर.
लांडगा तिथवर पळत येतो, थबकतो,
आणि मागून कुणी हाक मारावी तसा वळतो.
ते वर्तुळ आखायचं काम माझं.

रविवारी पप्पांना लॅपटॉपवर दाखवलं.
तीस वर्षं भोसरी डेपोत गाड्यांखाली झोपून काढलेला माणूस,
चष्मा कपाळावर सरकवून जवळ आला.
'ह्यात आपलं घर कुठंय?'
मी पाराजवळचं एक दाखवलं.
'तिथं नसणार. आधी वेस दाखव.'
मी वर्तुळ चालू केलं. निळी रेघ.
त्यांनी रेघेच्या बाहेर बोट टेकवलं.
'पांढरीत आपण नव्हतो, आणि काळीत होतो ते राबायला.
हे इथं. तुझा लांडगा वळतोय ना, तिथं.'
मग चहा घेतला आणि बातम्या लावल्या.
पडद्यावर बोटाचा ठसा राहिला, थोडा तेलकट.
पुसायला माझा हात झाला नाही.

सोमवारी त्या ठशाखाली एक झोपडी ठेवली.
चूल, दोन मडकी, एक बाई.
तिला वाक्य दिलं नाही, सुचलं नाही म्हणून.
मंगळवारी मुबीनची नोंद आली:
'बाहेरच्या घरातल्या बाईला रोज रात्री लांडगे मारतात.
सकाळी ती परत चुलीपाशी.
असंच अपेक्षित आहे का?'

सारंग म्हणाला, दोनच उपाय.
वर्तुळ वाढव, नाहीतर घर काढ.
वर्तुळ वाढवलं तर रान मागं सरकतं, तळ्यापर्यंत;
आणि घर काढ, हे तर
आमच्या घराण्यानं पुष्कळदा ऐकलेलं.

मी तिसरंच करत बसले. कामाच्या वेळेनंतर,
हाऊसकीपिंगच्या मावशी दिवे घालवत येईपर्यंत.
लांडग्याच्या डोक्यात एक नवा आकडा घातला.
नाव दिलं: ओळख.
बाई रोज रात्री दाराबाहेर काहीतरी ठेवते,
आकडा एकानं वाढतो.
पहिल्या दहा रात्री तरीही ती मरते.
हे मला टाळता आलं असतं.
टाळलं नाही.

आणि झोपडीपासून तळ्यापर्यंतच्या पेट्या
गुपचूप काढून टाकल्या.
तिथं आता गवत आहे, आणि गवताला वारा.

अकराव्या रात्री मुबीन खेळत होता.
नोंद पहाटे सव्वादोनला:
'लांडगा दारापर्यंत आला. बसला.
बाईनं चुलीत लाकूड सरकवलं.
काही घडलं नाही.
चाळीस सेकंद होऊन गेले होते,
मी मोजायचं विसरलो.
ही चूक म्हणून नोंदवू का?'

उत्तर अजून दिलेलं नाही.
सारंगलाही दाखवलेलं नाही.
सकाळी पोकलेन सुरू होतं साडेआठला,
त्याआधी टेकडीवरून मोरांचा आवाज येतो,
आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं,
यांची तक्रार कुठं करायची.